नोंदवहीत नसलेला रकाना



गेल्या महिन्यात शिंदखेड्याच्या बैठकीत कायदा, हप्ते, रेशनकार्ड हे सगळं बाजूला ठेवून आम्ही एक गोष्ट पाहिली. ‘मॉडर्न लव्ह मुंबई’ या हिंदी मालिकेतली ‘रात रानी’. एका अमेरिकन वर्तमानपत्रात २००४ पासून प्रेमाच्या खऱ्या अनुभवांचं सदर चालतं, त्यावरून आधी तिकडे मालिका झाली आणि मे २०२२ मध्ये मुंबईची आली. सहा दिग्दर्शकांच्या सहा गोष्टी, त्यांतल्या तीन दिग्दर्शक बायका.

शोनाली बोस यांच्या ‘रात रानी’तली लालजारी काश्मीरहून मुंबईत आलेली, लोकांच्या घरी राबणारी. नवरा तिला सोडून जातो. आपल्याकडे अशा बाईला सरळ ‘टाकलेली’ म्हणतात. लालजारी रडते, भांडते, त्याला शोधत फिरते आणि मग ज्या उड्डाणपुलाच्या चढावर तिची दमछाक व्हायची, तो सायकलने एकटी चढून जाते. परित्यक्तांच्या प्रश्नावर नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात परिषदा झाल्या, मोर्चे निघाले. पण टाकलेली बाई प्रेमाच्या गोष्टीची नायिका होऊ शकते, हे निदान मला तरी सुचलं नव्हतं.

कापूस वेचून आलेल्या बायका शांतपणे पाहत होत्या. संपल्यावर एक म्हणाली, “तिना हातमा पगार शे, म्हनीसन ती उठनी.” मला वाटतं, या गोष्टीचं याहून नेमकं परीक्षण कुणी करू शकणार नाही. मालिकेत साठीच्या उंबरठ्यावरची घटस्फोटित बाई आहे, तिच्याकडे एक तरुण ओढला जातो. चिनी वंशाची आई आहे, तिच्या मुलाचं गुजराती मुलीवर प्रेम आहे. हंसल मेहतांच्या ‘बाई’मध्ये एका मुसलमान तरुणाचं पुरुषावर प्रेम आहे, आणि ही गोष्ट घरच्यांनी आजीपासून लपवून ठेवली आहे. धर्म, वय, भाषा, लिंग अशा बऱ्याच भिंती आल्या. जात मात्र एकाही गोष्टीचा विषय नाही. शहराच्या प्रेमकथेत ती सुटून जाते. आमच्या तालुक्यात गोष्ट सुरूच तिथून होते.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. जिच्याबद्दल आहे तिला विचारून, ओळख पटेल असे तपशील वगळून लिहिते आहे.

एक मुलगी दुपारी कार्यालयात आली. अठरा पूर्ण झालेली. म्हणाली, ताई, मला लग्न करायचं आहे. मी, समाजकार्याची पदवी घेतलेली, शिबिरांतून जातिअंतावर बोलणारी, पहिला प्रश्न विचारला तो, “मुलगा कोणत्या जातीचा?” दुसरा, “आईचा विचार केलास का?” तिची आई आमच्या गटातली. मुलगी पाणी प्यायली आणि निघून गेली. आठवड्याभराने ती ‘हरवल्याची’ नोंद झाली. आपल्या भाषेत मुलगी स्वतःहून कुठे जातच नाही. ती हरवते, नाहीतर कुणीतरी तिला पळवून नेतो.

तिला सांगण्यासारखं माझ्यापाशी पुष्कळ होतं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यावी लागते, ती तीस दिवस कार्यालयात लागते आणि लहान गावात त्याचा अर्थ दवंडीच. हे धोक्याचं, तर त्यावर उपायही होता. २७ मार्च २०१८ च्या शक्तिवाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की, सज्ञान व्यक्तींच्या लग्नाला घराची, जातीची परवानगी लागत नाही. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा असावा, असंही त्यात आहे. मी यातलं काहीच बोलले नाही. मला गट फुटण्याची भीती वाटली.

सावित्रीबाईंचं २९ ऑगस्ट १८६८ चं, नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. गणेश हा ब्राह्मण तरुण आणि शारजा ही महार मुलगी, ती गरोदर. गाव त्यांना मारायला उठलेला. सावित्रीबाईंनी इंग्रजी कायद्याचा धाक घालून दोघांचे जीव वाचवले आणि त्यांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवलं. त्यांच्या मागे कसला गट होता?

तीन महिन्यांनी त्या मुलीचा फोन आला, सुरतहून. मुंबई आमच्यासाठी मालिकेत असते. खानदेशातली माणसं कामाला सुरतेला जातात, प्रेमही त्याच गाडीने जातं. उधन्यात एक खोली आहे, साड्यांना लेस लावायचं काम आहे. ती सुखात आहे का, हे मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. म्हणाली, “ताई, माझा बारावीचा दाखला तेवढा घरून मिळवून द्या.” दाखला मिळाला तर कारखान्यात हिशेबाचं काम मिळण्यासारखं आहे. पगार जवळजवळ दुप्पट.

त्या दिवशी ‘रात रानी’ पाहायला तिची आईही होती. सगळ्याजणी सायकलवर बोलत असताना तिने एवढंच विचारलं, “तिनी माय कोठे शे?”

आमच्या नोंदवहीत मारहाण, पोटगी, हुंडा, दारू असे रकाने आहेत. प्रेमाचा नाही. मुली आमच्याकडे येतात ते प्रेम फसल्यावर, कारण तोवर आम्हीही आयांच्या बाजूला बसलेल्या असतो. आयांना सोडा, असं मी म्हणत नाही. गावात राहून लोकांची बोलणी त्याच खातात.

दाखला अजून घरीच आहे. मी दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा चहा मिळाला, दाखल्याचं नाव निघताच बोलणं थांबलं. येत्या सोमवारी पुन्हा जाणार आहे.

तुमच्या गटात अशी मुलगी आली तेव्हा तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचारलात? पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा. नाव छापायचं नसेल तर तसं कळवा.