‘हातभार’ म्हणजे दिवसाला किती रुपये?

“मी काय कामाला न्हाई ओ ताई. आमच्या मालकास्नी जरा हातभार लावतो.”

लाँड्री आणि ड्रायक्लीनिंगच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांशी बोलायला लागल्यापासून हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, त्याची गणती नाही. जिच्या तोंडून ते शेवटचं ऐकलं, ती बाई त्या वेळी सकाळी नऊपासून इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. पाठीमागे अंबाबाईच्या यात्रेकरूंच्या लॉजवरून आलेल्या चादरींचा ढीग. त्या धुऊन, पिळून, वाळत घालून तिनेच आणल्या होत्या. दुपारचे तीन वाजले होते आणि ती जेवायची होती.

कोल्हापूरच्या बायका ‘करतो, जातो’ म्हणतात याची बाहेरच्यांना गंमत वाटते. मला या वाक्यातल्या ‘मालक’ या शब्दाची चिंता वाटते. आपल्याकडे नवराही मालक आणि दुकानदारही मालक. ती नेमका कोणाला हातभार लावत होती, असं मी विचारलं तर ती हसली. नवरा त्याच दुकानात ड्रायक्लीनिंगच्या मशीनवर. महिन्याचा पगार त्याच्या नावावर. हिचे कपड्यामागे दोन रुपये, तेही शनिवारी त्याच्याच हातात. गिऱ्हाइकाकडून त्याच कपड्याचे दहा रुपये घेतले जातात. दिवसाकाठी नव्वद कपडे होतात, म्हणजे एकशेऐंशी रुपये. धुण्याचे, वाळत घालण्याचे, कपड्यांवर खुणा घालण्याचे वेगळे पैसे नाहीत, तो हातभार. देशभरासाठीची अगदी तळाची म्हणून जी किमान वेतनाची पातळी केंद्र सरकारने २०१७ साली सांगितली होती, ती दिवसाला १७६ रुपये होती. पातळी म्हणजे कायदेशीर दर नव्हे, राज्यांनी याच्या खाली जाऊ नये असा नुसता सल्ला. इतक्या वर्षांनंतर आमची बाई त्या सल्ल्याच्या चार रुपये वर आहे.

मैत्रिणींनो, या धंद्याला किमान वेतन लागू नाही असा तुमचा समज असेल, तर तो चुकीचा आहे. माझाही होता. एम.एस.डब्ल्यू. करताना किमान वेतन कायदा परीक्षेपुरता पाठ केला, पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लाँड्रीशी त्याचा काही संबंध असेल असं कधी मनात आलं नाही. १९४६ साली मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्याचं विधेयक मांडलं आणि १९४८ साली जो मंजूर झाला, त्या कायद्याखाली महाराष्ट्राने जी उद्योगांची यादी केली, तीत लाँड्री उद्योगाची स्वतंत्र नोंद आहे. कुशल, अर्धकुशल, अकुशल असे दर, गावाप्रमाणे परिमंडळं, वर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता, सगळं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा जाऊन त्याच्या जागी २०१९ ची वेतन संहिता लागू झाली. तिच्यात तर यादीचीही अट उरली नाही. किमान वेतन हा प्रत्येक कामगाराचा हक्क झाला. नव्या कायद्याशी विसंगत नसतील तोवर जुन्या अधिसूचना चालू राहतात.

आणि कपड्यामागे दोन रुपये? दुकानदार म्हणतो, “ती नगावर आहे, तिला कसलं किमान वेतन?” याचंही उत्तर १९४८ पासून कायद्यात आहे. जुन्या कायद्याचं कलम १७, नव्या संहितेचं कलम ११. नगाचा किमान दर सरकारने ठरवलेला नसेल आणि दिवसाचा ठरवलेला असेल, तर नगावर काम करणाऱ्यालाही दिवसाच्या दराने पैसे द्यावे लागतात. ती अर्ध्या दिवसानंतर घरी जाते का? काम करायला ती तयार असताना मालकाने काम दिलं नसेल, तरी पूर्ण दिवसाची मजुरी. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त थांबवलं तर दुप्पट दर. पंचाहत्तर वर्षांहून जुनी ही वाक्यं आहेत, काल-परवाची नव्हेत.

मग अडतं कुठे? अडतं ते ‘हातभार’ या शब्दाशी.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दुकानाचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. एका बाईला सात वर्षांच्या कामानंतर “उद्यापास्नं येऊ नकोस” म्हणून सांगितलं गेलं. कारण नवऱ्याचं आणि दुकानदाराचं भांडण. नवरा गेला म्हणजे तीही गेली, हे इतकं गृहीत की तिला वेगळं कारण द्यायचीही गरज कुणाला वाटली नाही. ती आमच्याकडे आली तेव्हा आठ महिने उलटले होते. कमी मजुरीबद्दल दावा करायला जुन्या कायद्यात सहा महिन्यांची मुदत होती. उशीर झाला तर कारण पटवून द्यावं लागे. ते आम्ही कसंबसं पटवलंही असतं. पण मस्टरवर तिचं नावच नव्हतं. होतं ते फक्त नवऱ्याचं. दुकानदाराने शांतपणे सांगितलं की ती नवऱ्याचा डबा घेऊन यायची. सात वर्षं डबा! शेजारच्या दुकानदारांना विचारलं, तर त्यांनीही “येत होती खरी, पण कामाला होती असं नाही सांगता येणार” म्हणून हात झटकले. नवऱ्याने साक्ष द्यायला नकार दिला, कारण त्याला दुसऱ्या लाँड्रीत काम मिळालं होतं आणि तिथेही जोडीनेच बोलावलं होतं.

जोडी! हा शब्द आपल्या जिल्ह्याला नवा नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो, उचल नवऱ्याच्या हातात पडते. त्याच्याही आधी बलुतेदारीत परटाला सुगीला धान्य मिळायचं, ते परटाच्या नावाने. गावातल्या बाळंतिणींची धुणी मात्र परटीण धुवायची. गाडगेबाबा या परीट समाजातले. स्वच्छतेच्या सरकारी अभियानाला आपण त्यांचं नाव दिलं. पण कपडे स्वच्छ करणाऱ्या हातांना स्वतःच्या नावाने मजुरी मिळावी, हे अभियान कुणी काढलं नाही. बलुतं गेलं, दुकानं आली, स्टीम प्रेस आणि हायड्रो आले. बाईचा हिशेब मात्र बलुत्याचाच राहिला.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं, आणि ते केवळ दुकानदारांकडून येत नाही. आपल्यासारख्या शिकलेल्या बायकांच्या बैठकीतही मी ते ऐकलं आहे. धुणं, घडी घालणं हे ‘बाईचं घरचंच काम’, त्यात कौशल्य काय? याच न्यायाने पुरुषाचं मशीनचं बटण दाबणं कुशल ठरतं आणि बाईचं डाग ओळखणं अकुशल. नऊवारी रेशमी साडीवरचा डाग हळदीचा की तेलाचा, त्याला पाणी लावायचं की नाही, खळ किती, नीळ किती, जर काळी पडू नये म्हणून इस्त्री किती गरम, हे ती दुकानात ठरवते. चुकलं तर साडीची भरपाई तिच्याच मजुरीतून कापली जाते. नुकसानीला ती जबाबदार आणि पगाराला ती अकुशल! समान किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला वेतनात लिंगभेद नको, असं वेतन संहितेचं तिसरं कलम म्हणतं. त्यातून पळवाट अशी की काम ‘सारख्या स्वरूपाचं’ नाही असं दाखवायचं. त्यासाठी बाईला मशीनपासून लांब ठेवलं की झालं.

दुसरं उत्तर जास्त विषारी आहे: नवरा कमावतो, हिचे वरचे पैसे. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कसं मोजावं याचे निकष ठरवले. कमावत्या माणसामागे तीन ‘उपभोग एकक’ धरायचे, दर एककाला २७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड. कमावता पुरुष एक, बायको ०.८, दोन मुलं मिळून १.२. बाईचं पोट ०.८ धरणाऱ्यांशी माझं भांडण आहेच. पण त्याच निकषांत असंही म्हटलं होतं की बायका-मुलांची कमाई हिशेबात धरू नये, म्हणजे एकाच्या वेतनात घर चाललं पाहिजे. अर्थ हा की नवऱ्याचा पगार पुरेसा हवा. आमच्या दुकानदारांनी त्याचा अर्थ उलटा लावला: बायकोची कमाई धरायची नाही, म्हणून ती द्यायचीही नाही. आणि नवऱ्यालाही तेवढा देत नाहीतच.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते. आमच्याच एका कार्यकर्तीने विचारलं, “लाँड्रीवाले काय भांडवलदार आहेत? बहुतेक परीट समाजातलीच माणसं. त्यांच्याशी कसलं भांडतेस?” खरं आहे. कोपऱ्यावर पत्र्याच्या शेडमध्ये नवरा-बायको दोघं इस्त्री करतात, तिथे मालक नाही आणि नोकरही नाही. त्यांच्यासमोर किमान वेतनाचा कायदा वाचणं हा क्रूर विनोद होईल. घरोघरी वॉशिंग मशीन आलं, त्यांचं गिऱ्हाईक तुटलं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठच्या पेठांतली दुकानं पाण्याखाली गेली. त्या जोडप्याचा प्रश्न दराचा आहे, आणि तो दर पाडतो आपण, इस्त्रीला एक रुपया वाढवला की कपाळाला आठ्या घालून. पण शहरात तीन-चार ठिकाणी कपडे गोळा करायचे काउंटर, मागे शेडमध्ये दहा-बारा माणसं, लॉज आणि मंगल कार्यालयांची कंत्राटं, अशा दुकानदाराने त्या जोडप्याच्या गरिबीआड लपू नये. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच उन्नीचोयी खटल्यात सांगितलं की किमान वेतन देणं परवडत नाही ही सबब चालणार नाही. १९८२ च्या एशियाड कामगारांच्या निकालात तर किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणं ही घटनेच्या कलम २३ खालची वेठबिगारी ठरवली गेली. वेठबिगारी, ‘हातभार’ नव्हे.

खरा दोष वरच्या पायरीवर आहे, हेही बोललं पाहिजे. दवाखान्यांच्या चादरी किलोच्या भावाने टेंडरवर जातात. ज्याचा भाव कमी त्याला काम. त्या भावात कामगाराचं किमान वेतन बसतं का, हे टेंडर उघडणारा माणूस तपासत नाही. मी एका शेडमध्ये रक्ताने माखलेल्या चादरी हातमोजे न घालता वेगळ्या करणाऱ्या बायका पाहिल्या आहेत. मुकादम म्हणाला, “हातमोजे घातले की वेळ लागतो.” किलोच्या भावातून हातमोज्यांचे पैसे कुठून काढणार? टेंडरच्या अटींत माणशी किती किलो आणि त्याची मजुरी किती, हे लिहिल्याशिवाय हे थांबणार नाही. कंत्राटदाराने पैसे दिले नाहीत तर ज्याची आस्थापना आहे त्याच्यावर जबाबदारी येते, ही तरतूद संहितेत आहे. तिचा वापर करायला हवा.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. १९३३ साली न्यूयॉर्क राज्याने बायकांसाठी किमान वेतनाचा कायदा केला. ब्रुकलिनच्या एका लाँड्रीचा व्यवस्थापक जोसेफ टिपाल्डो याने धोबिणींना ठरलेल्या आठवड्याच्या १२ डॉलर ४० सेंटपेक्षा कमी पैसे दिले आणि वहीत खोटे आकडे मांडले. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९३६ साली न्यायालयाने कायदाच रद्द केला. वर्षभरात, १९३७ साली, हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या एल्सी पॅरिश या बाईच्या खटल्यात त्याच न्यायालयाला भूमिका बदलावी लागली. वहीत एक आणि हातात दुसरंच, ही युक्ती लाँड्रीइतकीच जुनी दिसते.

नव्या संहितेने काही दिलं आहे, ते नाकारणार नाही. दाव्याची मुदत सहा महिन्यांवरून तीन वर्षं झाली. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर टाकली. कमी वेतनाचा दंड पूर्वी पाचशे रुपये होता, तो पन्नास हजारांपर्यंत गेला. पहिल्या गुन्ह्याचा तुरुंगवास मात्र गेला. निरीक्षकाचा ‘निरीक्षक-तथा-सुलभकर्ता’ झाला. कोणाचं सुलभ करणार ते बघायचं. आणि एक दार गुपचूप लावून घेतलं आहे. जुन्या कायद्यात प्राधिकाऱ्याच्या परवानगीने कोणीही कामगाराच्या वतीने दावा लावू शकत असे. आमच्यासारख्या संस्था त्याच फटीतून आत शिरायच्या. आता दावा करायचा तर त्या बाईने स्वतः, ती सभासद असलेल्या नोंदणीकृत युनियनने, किंवा निरीक्षकाने. ‘मी कामाला न्हाई’ म्हणणाऱ्या बाईने एकटीने कामगार कार्यालयाची पायरी चढायची, अशी ही योजना. त्यातच २०१७ च्या दुकाने कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांची नोंदणीही सोडून दिलेली. नुसती सूचना दिली की पुरे. मस्टर मागायचा कुणाकडे?

म्हणून आम्ही मस्टर मागायच्या आधी तो लिहायला घेतला आहे. दर मंगळवारी दुपारी बायका कार्यालयात येतात, तेव्हा प्रत्येकीला एक साधी रेघी वही देतो. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, किती कपडे, किती पैसे, कोणाच्या हातात. लिहिता येत नाही तिची मुलगी लिहिते. नोंद झाल्यावर शेजारणीची सही किंवा अंगठा. युनियनची नोंदणी करायला निदान सात सह्या लागतात. आजवर पाच झाल्या आहेत. सहावी बाई “मालकास्नी इचारून सांगतो” म्हणून गेली आहे. कुठल्या मालकाला, ते मी विचारलं नाही.

आता आमच्याबद्दल. आमच्या प्रशिक्षण केंद्राच्या चादरी आणि उशांचे अभ्रे शहरातल्या एका लाँड्रीत जातात. दर महिन्याला बिल येतं, आम्ही ते फेडतो, कधीकधी दोन टक्के सूटही मागून घेतो. तिथे किती बायका आहेत, त्यांना काय मिळतं, हे आम्ही आजवर एकदाही विचारलेलं नाही. हा लेख लिहायला बसले तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं. पुढचं बिल फेडण्याआधी आम्ही त्यांच्याकडे मस्टर मागणार आहोत, आणि सूट मागणं बंद करणार आहोत.