दिवा घेताना रंगाचा आकडाही पाहा

दिवा घ्यायला गेलो की आपण दोनच गोष्टी विचारतो : किती वॅटचा आणि केवढ्याला? दुकानदार पांढराशुभ्र दिवा लावून दाखवतो, तो डोळ्यांत भरतो आणि आपण तसलेच चार घेऊन येतो. मग माजघर, ओसरी, गोठा, सगळीकडे एकच निळसर उजेड.

एलईडी दिव्याच्या खोक्यावर वॅटखेरीज आणखी एक आकडा असतो : २७००, ४००० किंवा ६५००, आणि पुढे 'के', म्हणजे केल्विन. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होते, मग पिवळे, आणि फार तापले की पांढरे. तसाच हा आकडा वाढतो तसा उजेड पिवळसराकडून निळसर पांढऱ्याकडे जातो. दिवा मात्र त्याने जास्त तापत नाही. आकडा केवळ रंगाचा आहे. पूर्वीचा तारेचा बल्ब साधारण २७०० चा असे.

आता कोठे कोणता? चुलीपाशी, धान्य निवडायला आणि मुलांच्या अभ्यासाला ४००० चा घ्या. डाळीतला खडा पटकन दिसतो आणि डोळ्यांवर तिरीपही येत नाही.

निजायच्या खोलीत २७०० ते ३००० चाच लावा. रात्री निळसर उजेडात बसले की झोपेची वेळ सांगणारे मेलॅटोनिन शरीरात कमी तयार होते आणि झोप लांबते. पहाटे धारेला उठणाऱ्याला हे परवडत नाही.

ओसरीवर आणि गोठ्याबाहेरही पिवळसरच बरा. निळसर उजेडावर किडे जास्त झेपावतात. किड्यांमागे बेडूक येतात आणि बेडकांमागे कोण येते, हे तुम्हांला सांगायला नको. पिवळ्या दिव्यावर किडे अजिबात येत नाहीत असे नाही, पण कमी येतात.

मात्र पिवळा म्हणजे मंद असे समजू नका. उजेड किती, ते 'ल्युमेन' या आकड्यावरून कळते. अंगणात पाय कोठे पडतो ते स्पष्ट दिसलेच पाहिजे, म्हणून तेथे ८०० च्या आसपास ल्युमेनचा दिवा असावा.

विजेच्या बिलाची काळजी नको. रंग कोणताही असो, ९ वॅटचा दिवा रोज ५ तास जळला तर ३० दिवसांत १.३५ युनिटच घेतो.

तेव्हा पुढच्या बाजाराला जाल तेव्हा खोके हातात घेऊन तिन्ही आकडे वाचा. स्वतःला वाचता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या लेकीला बरोबर न्या.