बंगल्यातले शिकारी मासे आणि खालची इंद्रायणी: भाजे ग्रामसभेपुढे ठेवायचे मुद्दे

भाजे लेण्यांच्या डोंगरावरून उतरणारं पाणी ओढ्याओढ्यांनी मळवलीच्या अंगाला जातं आणि इंद्रायणीला मिळतं. या पाण्याच्या वाटेवर आता बंगले, फार्महाऊस आणि होमस्टे उभे आहेत. कुणाच्या दिवाणखान्यात काचेची टाकी असते, कुणाच्या अंगणात शोभेचं तळं. तिथे कोणता मासा पाळायचा हा मालकाचा खासगी प्रश्न, असं आपण आजवर धरून चाललो. मोठ्या, झपाट्याने वाढणाऱ्या शिकारी माशांच्या बाबतीत हे धरून चालणं चुकीचं आहे. गावाने यात लक्ष घातलं पाहिजे, आणि का घातलं पाहिजे ते मुद्देवार मांडतो.

१. दुकानात मिळतं ते पिल्लू. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला रेडटेल कॅटफिश विकायला येतो तेव्हा दोन-तीन इंचांचा असतो. काळी पाठ, पांढरा पट्टा, लाल शेपूट, लांब मिशा. मुलं बघताक्षणी हट्ट धरतात. खायला नीट मिळालं तर वर्षभरात तो फूट-दीड फूट होतो आणि पूर्ण वाढीला मीटरच्या पुढे जातो, वजन चाळीस किलोपर्यंत. ॲलिगेटर गार उत्तर अमेरिकेतला. मगरीसारखा लांब जबडा, वरच्या जबड्यात दातांच्या दोन रांगा. २०११ साली मिसिसिपी राज्यात जाळ्यात सापडलेला एक गार आठ फुटांहून लांब आणि सुमारे १४८ किलोचा होता. चंदेरी ॲरोवाना तीन फुटांच्या आसपास जातो. ‘शार्क’ म्हणून विकतात तो मेकाँग नदीतला पंगस. शार्कशी त्याचं काही नातं नाही, पण तोही मीटरभर सहज होतो. यांतलं काहीही पाण्याच्या त्या फुगलेल्या पिशवीवर लिहिलेलं नसतं, आणि दुकानदार आपण होऊन सांगत नाही.

२. ‘मासा टाकीएवढाच वाढतो’ हे खोटं आहे. हौशी लोकांत हा समज इतका पक्का आहे की त्याच्याच भरवशावर निम्मी खरेदी होते. लहान टाकीत वाढ खुंटते ती स्वतःच्या घाणीत राहावं लागल्यामुळे. पाठीचा कणा वाकतो, अंगाला जखमा होतात, आयुष्य घटतं. खुंटलेला मासा म्हणजे आजारी मासा.

३. आता टाकीचा हिशेब. घरात साधारण दिसते ती टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. पाणी सुमारे अडीचशे लिटर. लोक लांबी बघतात, पण माशाला रुंदी लागते, कारण त्याला वळायचं असतं. मीटरभर मासा दीड फुटात वळूच शकत नाही. त्याला कमीत कमी दहा बाय चार बाय तीन फुटांची टाकी म्हटली तरी पाणी सुमारे ३,४०० लिटर, म्हणजे काच सोडून जवळपास साडेतीन टन. राहत्या घराची जमीन चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखायची, असं आयएस ८७५ हे भारतीय मानक सांगतं. इथे तो भार ९०० किलोच्या पुढे जातो. म्हणजे मासा घेतानाच बंगल्याचा स्लॅबही नवा घ्यायला हवा. असा विचार करून रेडटेल घेणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

४. विकेंडच्या घरात हे संकट दुप्पट होतं. माणसं शनिवारी येतात आणि रविवारी रात्री जातात. मधले पाच दिवस टाकी आणि रखवालदार. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं कमी घातक क्षारांत रूपांतर करतात, पण त्यांना वाहतं, हवेशीर पाणी लागतं. मावळात पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल याचा नेम नसतो. पंप थांबला की प्राणवायू आधी संपतो आणि मागोमाग जिवाणू मरू लागतात. मोठा शिकारी मासा घाणही तेवढीच करतो, त्यामुळे त्याच्या टाकीला सावरायला वेळच मिळत नाही.

अशा एका टाकीपुढे मी बराच वेळ उभा होतो. दोन फुटांच्या पुढे गेलेला रेडटेल चार फुटी टाकीत. रखवालदाराने कोंबडीचे तुकडे टाकले, ते त्याने एका घोटात गिळले आणि पुन्हा काचेला नाक लावून बसला. नाकाच्या शेंड्यावरची कातडी घासून पांढरी पडली होती. एक मिशी मुळाशी तुटलेली. वळायला गेला की शेपूट मागच्या काचेवर आपटायची. झाकणावर दोन मोठे दगड ठेवले होते, कारण एकदा त्याने ते उडवलं होतं. पाण्यावर चरबीचा तवंग होता. कोंबडीची ही चरबी माशाला पचत नाही, यकृतात साठते. रखवालदार म्हणाला, “साहेब म्हणतात, कुणाला तरी देऊन टाक. पण दादा, घेणार कोण?”

५. घेणारं कुणी नसतं. या विषयाची सगळी गाठ इथेच आहे. दुकानदार दोन इंचांचा मासा विकतो, दोन फुटांचा परत घेत नाही. ओळखीच्यांच्या टाक्याही आपल्याएवढ्याच. एवढ्या मोठ्या माशांची सोय करणारं सार्वजनिक मत्स्यालय पुण्याजवळ नाही; मुंबईचं १९५१ सालचं तारापोरवाला मत्स्यालयही कोविडच्या काळापासून बंद पडलं. मारायला मन होत नाही. मग एखाद्या संध्याकाळी बादली उचलली जाते आणि ओढा गाठला जातो. सोडणाऱ्याला वाटतं, आपण एक जीव वाचवला. ती भावना खोटी नसते, म्हणून तर ती थांबवणं अवघड जातं.

६. ओढ्यात त्या वेळी काय असतं ते बघा. आपल्या डोंगरओढ्यातला दगड उलटा केला तर मळ्या सापडतो, बोटभर लांबीचा. तोंडाखालच्या चकतीने तो दगडाला असा धरून राहतो की भर पाण्याचा लोंढाही त्याला हलवत नाही. मृगाचा पाऊस लागला की नदीतले मासे अंडी घालायला ओढ्यांत आणि भातखाचरांत चढतात. हे चढणीचे मासे मावळातल्या कातकरी, ठाकर आणि शेतकरी घरांच्या ताटात वर्षानुवर्षं येत आले आहेत, विकत न घेता. पोटात अंडी, पाणी उथळ, वाट अरुंद. शिकाऱ्याला याहून सोपी जागा मिळणार नाही. बंगल्यातून आलेल्या माशाने इथे तोंड घातलं तर त्याची किंमत बंगलेवाला देत नाही. ज्यांच्या घरी टाकी कधीच नव्हती ते देतात. गावाला बोलण्याचा हक्क मिळतो तो इथून.

आणि नदी भाजेपाशी थांबत नाही. कामशेत, देहू, आळंदी, तुळापूरला भीमा, मग उजनी. देहू-आळंदीच्या डोहांत माशांना अभय देण्याची रीत जुनी आहे. महाशीर मासा तिथे भक्तांच्या हातचे दाणे खाऊन वाढला. वरच्या अंगाला आपण काय सोडतो याचा जाब त्या डोहांपर्यंत पोचतो.

७. कुणी सोडलं नाही तरी पाणी सोडतं. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुलै २०२४ मध्ये मळवली भागातल्या बंगल्यांना पुराच्या पाण्याने वेढलं आणि अडकलेल्या पर्यटकांना बाहेर काढावं लागलं. माणसं दोरीने बाहेर येतात तेव्हा अंगणातलं तळं कुठे जातं? केरळने याचं उत्तर पाहिलं आहे. ऑगस्ट २०१८ च्या महापुरानंतर चालकुडीसारख्या नद्यांत अरापैमा आणि ॲलिगेटर गार जाळ्यात येऊ लागले. अरापैमा हा दक्षिण अमेरिकेतला, जगातल्या सर्वांत मोठ्या गोड्या पाण्याच्या माशांपैकी एक. ते सगळे तळ्यांतून आणि टाक्यांतून निसटलेले होते.

८. ‘नदी आधीच मेली आहे, एका माशाने काय होणार?’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. आळंदीला नदीवर येणारा फेस सगळ्यांनी पाहिला आहे. मैलापाणी आणि कारखान्यांच्या सांडपाण्यापुढे माशाची बादली किरकोळ वाटते. पण हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. पाण्यातला प्राणवायू घटला की आपले मासे आधी जातात. गार मात्र पृष्ठभागावर येऊन सरळ हवा घेतो. त्याच्या हवेच्या पिशवीचं काम फुप्फुसासारखं चालतं. काचेची टाकी साफ ठेवायला आणतात तो सकर मासाही हवा गिळून तगतो. उजनीतल्या मच्छीमारांना विचारा. अंगावर हाडांची ढाल आणि काटेरी पर असलेला सकर जाळ्यात अडकला की जाळं फाटतं, आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. तो काही उजनीत स्वतःहून ब्राझीलहून आला नाही. घाण पाणी आपल्या माशांना मारतं आणि परक्यांना जागा करून देतं. म्हणून नदी जितकी आजारी, तितकी ही बादली जास्त घातक.

थंडी, अन्न, जोडीदार नसणं यांमुळे सोडलेल्या माशांतले बरेच मरतात, हेही खरं. तेव्हा ‘जीव वाचवला’ ही समजूत तिथेही टिकत नाही. तो जीव हळूहळू उपासाने जातो.

९. या बाबतीत शिकण्यासारखी गोष्ट आपल्याच घरातली, लोणावळ्यातली आहे. १८३९ साली कर्नल साइक्स यांनी मुळा-मुठेतल्या महाशीराचं शास्त्रीय वर्णन केलं. तो आपल्या नद्यांतून नाहीसा होऊ लागला तेव्हा लोणावळ्यात, वलवणला टाटांच्या केंद्राने १९७०च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवली. काम मोलाचं होतं आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण ती पिल्लं कावेरीतही सोडली गेली. तिथे आधीपासून एक कुबडाचा महाशीर होता, फक्त कावेरीच्या खोऱ्यातला, आकाराने प्रचंड. लोणावळ्याकडचा मासा कावेरीत फोफावला आणि कुबडाचा महाशीर आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. सोडणारे तज्ज्ञ होते, हेतू चांगला होता, मासा भारतीयच होता. तरी असं झालं. मग संध्याकाळच्या अंधारात बादलीतून ॲमेझॉनचा मासा सोडणाऱ्याला आपण कोणत्या तोंडाने ‘असू दे’ म्हणायचं?

सरकारही यात निर्दोष नाही. चिलापी १९५२ साली बाहेरून मुद्दाम आणला गेला आणि आज तो बहुतेक प्रत्येक धरणात आहे.

१०. कायदा अर्धवट आहे, पण नाही असं नाही. परदेशी मांगूर पाळण्यावर बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने मांगूरची तळी नष्ट करण्याच्या कारवाया केल्या. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२च्या दुरुस्तीने कलम ६२अ आलं. घातक परक्या जातींची आयात, व्यापार आणि त्या बाळगणं यांवर बंदी घालण्याचा अधिकार त्याने केंद्राला दिला. आशियाई ॲरोवाना किंवा अरापैमा घरी असेल तर २०२४च्या नियमांनुसार केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बहुतेक मालकांना हे ठाऊकही नसतं. रेडटेल आणि पंगस या नोंदणीतून सुटतात, कारण हे नियम व्यापारामुळे धोक्यात आलेल्या जातींसाठी आहेत, आपल्या नदीसाठी नाहीत.

११. म्हणून गावाने काय करावं. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. पुष्कळ गावांत ही वही एकदा भरून कपाटात गेली. भाजे गावाने ती बाहेर काढावी. एका पानावर ओढ्यांतले आपले मासे लिहावेत. ते कातकरी वस्तीतल्या जाणत्यांना विचारून, पुण्याहून यादी मागवून नव्हे. दुसऱ्या पानावर हद्दीतल्या बंगल्यांतल्या आणि होमस्टेंमधल्या टाक्या आणि तळी: कोणता मासा, किती, तळं ओढ्यापासून किती अंतरावर. दंडाची भाषा नको. दंडाच्या भीतीने लोक मासा लपवतील आणि रात्री सोडतील.

बंगलेवाल्यांकडून तीन गोष्टी हव्यात. पूर्ण वाढीला फुटाच्या वर जाणारा शिकारी मासा नव्याने आणायचा नाही. अंगणातल्या तळ्याला पुराच्या रेषेच्या वर कठडा आणि निचऱ्याच्या तोंडाला बारीक जाळी. आणि मासा नको झाला तर रखवालदाराच्या गळ्यात न घालता समितीला कळवायचं. समितीने पुणे-लोणावळ्यातल्या दुकानदारांशी बोलून ठेवावं: विकलेला मासा परत घ्याल तर आमच्या गावातली गिऱ्हाइकं तुमच्याकडेच पाठवू. कुठेच जागा नसेल तर पशुवैद्याकडून त्याला वेदनेविना संपवणं हाच दयेचा मार्ग उरतो. हे लिहिताना मला जड जातं, तरी ओढ्यात सोडण्यापेक्षा ते माशालाही बरं आणि ओढ्यालाही.

हे सगळं ठरावाच्या रूपात १ मेच्या ग्रामसभेत यावं. १५ ऑगस्टपर्यंत थांबलो तर चढणीचे मासे चढून गेलेले असतील आणि वर्ष वाया जाईल. मे महिन्यात ओढे कोरडे असतात, तळ्यांना जाळ्या बसवायला तेवढा एक महिना हातात असतो.