हसवणारा वायू, पण जरा जपून!

मंडळी, आमच्या नातवाच्या डोक्यात सध्या एकच खूळ आहे. टर्बो बसवलेल्या गाडीत आता नायट्रस ऑक्साइडची बाटलीही हवी! मी पडले बी.ए.वाली, तरी प्रकरण समजून घेतलं.

१७९९ साली हम्फ्री डेव्हीने स्वतः हुंगून पाहिलेला तो हसवणारा वायू, तोच हा. स्वतः जळत नाही. पण इंजिनाच्या उष्णतेत फुटून प्राणवायू देतो. हवेत वजनाने २३ टक्के प्राणवायू, यात ३६! शिवाय बाटलीतून सुटताना आत जाणारी हवा गार करतो. टर्बोला फिरायला लागणारा वेळही भरून निघतो. युक्ती नामी आहे, हे मान्य.

पण प्राणवायू वाढला की पेट्रोलही त्याच मापात वाढावं लागतं. ते कमी पडलं तर पिस्टन वितळतो. टर्बोने आधीच दमवलेल्या इंजिनावर हा आणखी भार! आणि ब्रेक? ते मात्र जुनेच.

म्हणून माझं स्पष्ट मत: हौस शर्यतीच्या बंद ट्रॅकवर भागवा, तीही जाणकाराच्या हातून बाटली बसवून. रस्त्यावर नको. पिस्टन नवा मिळतो हो, रस्ता ओलांडणारं कुणाचं पोर नवं मिळत नाही.

पटतंय का?