कार्ड पंचांचे, शिस्त प्रशिक्षकाची : महाविद्यालयीन हॉकीतील अखिलाडू वर्तनाचा प्रश्न

नवी दिल्ली : मैदानावरील गैरवर्तनासाठी हॉकीच्या नियमांनी तीन रंग नेमून दिले आहेत. हिरवे कार्ड मिळालेला खेळाडू दोन मिनिटे, पिवळे कार्ड मिळालेला किमान पाच मिनिटे मैदानाबाहेर बसतो. लाल कार्ड मिळाले की त्या सामन्यातील त्याचा खेळ तेथेच संपतो. पंचांचे काम येथे पूर्ण होते. सामन्यानंतर त्या खेळाडूबाबत काय करायचे, हा प्रश्न मात्र प्रशिक्षकापुढे उभा राहतो. महाविद्यालयीन स्तरावर त्याचे उत्तर अनेकदा लिखित नियमापेक्षा प्रशिक्षकाच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर आणि पुढील सामन्याच्या गरजेवर अवलंबून राहते.

वरकरणी हा विषय किरकोळ वाटू शकतो. परंतु देशातील बहुसंख्य हॉकीपटूंसाठी महाविद्यालयीन संघ ही उपजीविकेच्या वाटेवरील पायरी असते. महाविद्यालयातून विद्यापीठ संघात, तेथून आंतरविद्यापीठ स्पर्धेत आणि त्या कामगिरीच्या बळावर रेल्वे, पोलीस दल, सैन्यदले किंवा बँकेतील खेळाडू कोट्यातील नोकरीपर्यंत, असा हा प्रवास आहे. त्यातही महाविद्यालयीन हंगाम अत्यंत लहान असतो. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एका सामन्याची बंदी म्हणजे प्रसंगी संपूर्ण वर्ष वाया जाणे. त्यामुळे अवाजवी कठोर शिक्षा एखाद्या विद्यार्थ्याची संधी हिरावून घेऊ शकते. अवाजवी सौम्यपणाची किंमतही कमी नसते. ती फक्त उशिरा मोजावी लागते.

ती किंमत २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये राजधानीत साऱ्या देशाने पाहिली. नेहरू चषक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पंजाब सशस्त्र पोलीस आणि पंजाब नॅशनल बँक यांच्यात ३-३ अशी बरोबरी असताना खेळाडू एकमेकांवर स्टिक घेऊन धावून गेले. हॉकी इंडियाने त्यानंतर ११ खेळाडूंवर आणि दोन संघ-अधिकाऱ्यांवर बंदीची कारवाई केली. काहींवरील बंदी १८ महिन्यांची होती. हे खेळाडू महाविद्यालयीन नव्हते, नोकरीत स्थिरावलेले होते. परंतु डोक्यात राग शिरताच हातातील स्टिक शस्त्रासारखी उगारण्याची सवय एका दिवसात लागत नाही. ती मोडण्याची संधी ज्या वयात असते, त्या वयात खेळाडू महाविद्यालयीन प्रशिक्षकाच्या हाताखाली असतो. अधिकाऱ्यांनाही शिक्षा झाली, ही बाब तितकीच बोलकी आहे. खेळाडूच्या वर्तनाचे उत्तरदायित्व बाकावर बसलेल्यांकडेही जाते, हेच त्यातून अधोरेखित झाले.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण पॅरिस ऑलिम्पिकचे आहे. ४ ऑगस्ट २०२४ रोजी ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदास यांची स्टिक प्रतिस्पर्धी खेळाडूच्या डोक्याला लागली आणि त्यांना लाल कार्ड दाखवण्यात आले. भारताने ४० मिनिटांहून अधिक काळ दहा खेळाडूंनिशी झुंज देऊन शूटआउटमध्ये विजय मिळवला. तथापि एका सामन्याच्या निलंबनामुळे रोहिदास जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात खेळू शकले नाहीत आणि तो सामना भारताने २-३ असा गमावला. ती कृती हेतुपुरस्सर होती काय, यावर बराच वाद झाला. कांस्यपदकाच्या सामन्यात संघाने त्यांना पुन्हा मैदानात उतरवले. स्पेनला २-१ असे हरवून भारताने पदक मिळवले.

या दोन्ही प्रसंगांतील कार्डांचा रंग एक असला, तरी दोन्हींना एकच शिक्षा लावणे न्यायाचे ठरणार नाही. प्रशिक्षकाची पहिली जबाबदारी हा भेद ओळखण्याची आहे. चेंडू हिरावून घेताना वेळेचा अंदाज चुकला, तर तो तंत्राचा दोष आहे. त्यावरचा उपाय सरावात आहे. इतरांच्या सुरक्षिततेची पर्वा न करता खेळणे हा निष्काळजीपणा आहे. तेथे ताकीद आणि पुनरावृत्ती झाल्यास संघाबाहेर बसवणे योग्य ठरते. पंचांशी हुज्जत, प्रतिस्पर्ध्याला शिवीगाळ, प्रेक्षकांकडे पाहून हावभाव किंवा जाणूनबुजून केलेला प्रहार मात्र तंत्राच्या खात्यात टाकता येत नाही. अशा वर्तनाबद्दल पंचांनी दिलेल्या शिक्षेव्यतिरिक्त संघाची स्वतःची कारवाई झालीच पाहिजे.

ही कारवाई कशी असावी, याचा एक नमुना अमेरिकेतील महाविद्यालयीन आइस हॉकीत आढळतो. तेथील व्यावसायिक लीगमध्ये मारामारी करणारा खेळाडू सामान्यतः पाच मिनिटांची शिक्षा भोगून परततो. महाविद्यालयीन स्पर्धांत मात्र त्याला सामन्यातून बाद केले जाते आणि पुढील सामन्यालाही मुकावे लागते. त्याच हंगामात दुसऱ्यांदा तसे घडल्यास दोन, तिसऱ्यांदा घडल्यास तीन सामन्यांची बंदी येते. खेळ वेगळा असला, तरी या रचनेतील दोन गोष्टी स्वीकारण्याजोग्या आहेत. शिक्षा आधीच ठाऊक असते आणि ती पायरीपायरीने वाढते. विद्यार्थ्यांकडून व्यावसायिकांपेक्षा अधिक संयमाची अपेक्षा ठेवली जाते, हेही त्यातून स्पष्ट होते.

आपल्याकडे अजूनही प्रचलित असलेल्या दोन प्रकारांचा मात्र फेरविचार व्हायला हवा. एक म्हणजे भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावणे. दमलेला खेळाडू त्यातून आपली चूक समजून घेतो, असे मानण्यास आधार नाही. उलट धावणे हा खेळाचा पायाच त्याला अपमान वाटू लागतो. दुसरा प्रकार म्हणजे एकाच्या चुकीसाठी संपूर्ण संघाला शिक्षा. यामुळे शिस्त लावण्याचे काम नकळत वसतिगृहातील वरिष्ठ विद्यार्थ्यांकडे जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये रॅगिंगविरोधी नियमावली लागू केलेली असताना प्रशिक्षकांनी अशा छळाला निमित्त पुरवणे गंभीर आहे. खेळाडूला संघाबाहेर बसवणे, कर्णधारपद काढून घेणे, पंचांची प्रत्यक्ष माफी मागायला लावणे किंवा कनिष्ठ गटाच्या सामन्यात पंचगिरीचे काम देणे, हे उपाय अधिक परिणामकारक ठरू शकतात. शिट्टी हातात घेऊन उभे राहिल्यावर पंचांची अडचण लवकर कळते.

सर्वांत अवघड कसोटी संघातील प्रमुख खेळाडूची असते. राखीव खेळाडूला एका पिवळ्या कार्डासाठी घरी पाठवणारा प्रशिक्षक पेनल्टी कॉर्नरवर हमखास गोल करणाऱ्याला उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी वगळेल काय? प्रशिक्षकाचे मूल्यमापन चषकांच्या संख्येवर होत असेल, तर त्याच्याकडून या धैर्याची अपेक्षा ठेवणे अवघड आहे. म्हणून नियम हंगामापूर्वी लिहिलेला, खेळाडूंनी वाचून स्वाक्षरी केलेला आणि महाविद्यालयाच्या क्रीडा विभागाने मान्य केलेला असावा. कारवाईपूर्वी खेळाडूचे म्हणणे ऐकून घेतले जावे. पंचांच्या अहवालाची दखल घेतली जावी. शिक्षेची मुदत निश्चित असावी आणि ती संपल्यावर विषयही संपावा. प्राचार्यांनी अशा निर्णयामुळे झालेला पराभव प्रशिक्षकाच्या नावावर मांडू नये, ही त्याची दुसरी बाजू.

संघाने स्वतः पाऊल उचलले नाही, तर निर्णय बाहेरच्यांच्या हाती जातो. डिसेंबर २०१४ मध्ये भुवनेश्वरच्या चॅम्पियन्स करंडकात भारताला ४-३ असे नमवल्यानंतर पाकिस्तानच्या काही खेळाडूंनी प्रेक्षकांकडे पाहून असभ्य हावभाव केले. प्रशिक्षक शहनाज शेख यांनी माफी मागितली; परंतु प्रकरण तेवढ्यावर थांबले नाही. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने दोन खेळाडूंना अंतिम सामन्यातून निलंबित केले आणि पाकिस्तान जर्मनीकडून ०-२ असा पराभूत झाला.

हॉकीच्या नियमांनुसार संघातील सर्वांच्या वर्तनाची जबाबदारी कर्णधारावर असते आणि ती पार न पाडल्यास त्यालाही कार्ड मिळू शकते. बाकावरून पंचांच्या प्रत्येक निर्णयावर हातवारे करणाऱ्या प्रशिक्षकाने खेळाडूला संयमाचे धडे देण्यापूर्वी ही अट स्वतःलाही लावून पाहावी. महाविद्यालयीन संघातील बहुतेक मुले राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचणार नाहीत. ती पोलीस होतील, शिक्षक होतील, कार्यालयांत अधिकारी होतील. रागाच्या क्षणी हात आवरण्याची सवय त्यांना तेथेही लागणार आहे.