जोड बघताना

कुस्तीच्या फडात जोड लावताना जाणता वस्ताद नुसते वजन बघत नाही. हा गडी पट काढणारा, तर समोरचा पट सोडवतो कसा, ते बघतो. मुष्टियुद्धातही लढतीआधी हेच बघायचे. कुणाचा ठोसा कुठून निघतो आणि समोरच्याचे काय उघडे पडते? पण भलेभले नुसता हिशेब मांडून फसले आहेत.

अमेरिकेतले तिघे घ्या. १९७१ साली जो फ्रेझरने मुहम्मद अलीला हरवले. १९७३ साली जॉर्ज फोरमनने त्याच फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा लोळवले. त्यामुळे १९७४ साली झैरे देशात, किन्शासाला, अली-फोरमन लढत ठरली तेव्हा बहुतेकांनी निकाल देऊन टाकला. फोरमन २५ वर्षांचा, अली ३२ चा. संपला अली!

‘साहेब, सगळ्यात चांगले वाण कोणते?’ असे कुणी विचारले, की मी आधी रान कसले ते विचारतो. इथेही तसेच.

फ्रेझर या दोघांहून बुटका. वाकून आत घुसायचा आणि डाव्या हाताचा बाकदार ठोसा घालायचा. अली ताठ उभा राहून नुसते डोके मागे नेई, त्याला तो ठोसा लागे. फोरमनपुढे मात्र हेच वाकणे फ्रेझरला नडले. उंच फोरमन त्याला दोन्ही हातांनी लोटून अंतर करी आणि खालून वर हाणी. वाकलेली हनुवटी आयतीच सापडे.

अली वाकत नव्हता. म्हणजे फोरमनचा तो ठोसा निम्मा वाया. उरले ते घेर घेऊन येणारे ठोसे. जबर खरे, पण वाटेत वेळ खाणारे. तेवढ्यात अलीचा सरळ ठोसा पोचणार. शिवाय फोरमनच्या आधीच्या आठ लढती दुसऱ्या फेरीपुढे गेल्याच नव्हत्या. पुढच्या फेऱ्यांत दम टिकेल का, याचा विचार फारसा कुणी केला नाही.

३० ऑक्टोबरला पहिल्याच फेरीत अलीने उजवा हात आधी टाकला. उजवा लांबून येतो, म्हणून सहसा कुणी तो आधी टाकत नाही. दुसऱ्या फेरीपासून तो दोरांना टेकून, तोंडापुढे हात धरून उभा राहिला. फोरमन दंडांवर, बरगड्यांवर हाणत राहिला आणि दमला. हे दोरांचे आधी कुणी ओळखले नव्हते. मीही हे सगळे मागाहूनच बोलतो आहे. आठव्या फेरीत अलीच्या उजव्या ठोशाने फोरमन खाली गेला, तो वेळेत उठला नाही.

१९९४ साली, ४५ व्या वर्षी, फोरमनने मायकेल मूररला पाडून जगज्जेतेपद परत मिळवले. तो ठोसा घेर न घेता मारलेला, आखूड आणि सरळ होता.