रात्री साडेअकराची शाळा

‘अगं, नोकरीला इतकी वर्षं झाली, अजून तुझा अभ्यास संपला नाही?’ परवा सासूबाईंनी विचारलं. रात्रीचे साडेअकरा, ओटा आवरलेला आणि मी लॅपटॉप उघडून बसलेली. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहिते. काय सांगणार त्यांना?

जुना मिक्सर दुरुस्त करून वीस वर्षं वापरता येतो. सॉफ्टवेअरचं तसं नाही. बनवणारी कंपनी एक दिवस जाहीर करते, की आता आम्ही याची देखभाल करणार नाही. मग त्यातल्या फटी बुजवायला कोणी नसतं आणि ते वापरणं धोक्याचं होतं. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला असंच गेलं. लेकीच्या वेळी मी नोकरी सोडली, तेव्हा अँगुलरजेएसवर माझा हात बसला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली, ती इतकी वेगळी की जुनं काम जवळजवळ नव्यानं लिहावं लागे. परतले तेव्हा मी पुन्हा पहिलीत!

आता तर चॅटजीपीटीसारखी साधनं स्वतःच कोड लिहितात. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे बारा हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, तीही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली. म्हणजे माझ्याच वयाची. त्या दिवशी माहेरून तीन फोन आले.

मला नवं शिकायची भीती नाही हो. कॉलेजात शिकलेली एसक्यूएल ही १९७० च्या दशकातली भाषा, ती आजही रोज लागते. यंत्रानं लिहिलेल्या कोडमधली चूक ओळखायलाही तीच जुनी समज उपयोगी पडते. प्रश्न वेळेचा आहे. ‘स्वतःला अपडेट ठेवा’ अशी मेल येते, पण कधी ठेवायचं ते त्यात नसतं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी घरी गेला की गरम पोळी खाऊन शिकायला बसतो. मी पोळ्या करून बसते. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन बाळंतपणांसाठी सव्वीस आठवड्यांची रजा मिळाली, मोठ्या कार्यालयांना पाळणाघराची सक्ती झाली. फार चांगलं झालं. पण त्या सव्वीस आठवड्यांत जे बदललं, ते शिकून घ्यायला कामाच्या वेळेतले तास द्या, असं कायदा कुठं म्हणतो? शिकणं जर कामासाठीच आहे, तर ते कामच नाही का?

गेल्या महिन्यात आम्ही चौघींनी साहेबांकडे शुक्रवारचे दोन तास मागितले. ‘प्रोजेक्ट संपू दे, मग बघू,’ म्हणाले. प्रोजेक्ट मार्चमध्ये संपतोय. मी कॅलेंडरवर खूण करून ठेवली आहे.